जिना आणि गैरहजेरी : कोल्हापुरातील एका ज्येष्ठ नागरिक केंद्राचे प्रकरण

पार्श्वभूमी

पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या पेठेत, तालमीच्या दुमजली इमारतीत, ज्येष्ठ नागरिकांचे एक केंद्र अनेक वर्षांपासून चालते. मी सामाजिक कार्यकर्ता म्हणून या केंद्राच्या कामात सहभागी असतो. ओळख पटू नये म्हणून पेठेचे आणि केंद्राचे नाव येथे दिलेले नाही आणि व्यक्तींचे काही तपशील बदलले आहेत. जागा तालमीने विनामूल्य दिली आणि खुर्च्या, कपाटे, कॅरमचे बोर्ड व वर्तमानपत्रांचे स्टँड सभासदांच्या वर्गणीतून आले. सकाळी वाचन, दुपारी चारनंतर पत्ते आणि कॅरम, गुरुवारी भजन आणि महिन्याच्या शेवटी त्या महिन्यात जन्मलेल्यांचा एकत्रित वाढदिवस असा केंद्राचा क्रम होता. कोल्हापुरातील बहुतेक विरंगुळा केंद्रांत थोड्याफार फरकाने हाच क्रम दिसतो, आणि त्याचे मोल कमी नाही, कारण निवृत्तीनंतर ज्या माणसाला घराबाहेर जाण्याचे कारण उरत नाही, त्याला असे केंद्र रोज एक कारण देते.

हे केंद्र पूर्वी तळमजल्यावर होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर पाणी आले, लाकडी सामान फुगले आणि वाचनालयाची पुस्तके टाकून द्यावी लागली. उरलेले सामान तालमीतील मुलांनी वरच्या मजल्यावर नेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला आणि त्यानंतर सामान खाली आणण्याचा विषय कोणी काढला नाही. केंद्र कायमचे वर हलवावे असा ठराव कधीच झाला नव्हता. सामान वर गेले आणि त्याच्यामागे केंद्रही गेले. वर जाणारा जिना दगडी, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा असून त्याला एकाच बाजूने कठडा आहे.

या प्रकरणाच्या केंद्रस्थानी असलेले सभासद त्या वेळी ७४ वर्षांचे होते. केंद्रात सगळे त्यांना आबा म्हणत. उद्यमनगरातील एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर लेथवर काम केले होते आणि तरुणपणी याच तालमीच्या आखाड्यात मेहनत केली होती. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही होते, ऐकूही कमी येत असे, तरीही सकाळची वर्तमानपत्रे लावण्याचे काम त्यांचे होते आणि संध्याकाळी केंद्रातून निघून गंगावेशीतील दूध कट्ट्यावर चालत जायचे, समोर काढलेले म्हशीचे दूध प्यायचे आणि मग घरी जायचे, हा त्यांचा नेम होता.

समस्या

पावसाळ्यातील एका रात्री आबा लघवीसाठी उठले आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळ पडले. हाड मोडले नाही. मनगट मुरगळले आणि कपाळाला खोक पडली. टाके पडले, आठवड्याभरात जखम भरली, आणि घरच्यांच्या दृष्टीने प्रकरण तेथे संपले. केंद्राच्या दृष्टीने ते सुरूच झाले नव्हते, कारण केंद्रात कोणालाच त्याची माहिती नव्हती. वर्तमानपत्रे दुसरे कोणीतरी लावू लागले. आबा गावाला मुलीकडे गेले असावेत, असा सर्वांचा समज झाला.

सुमारे दोन महिन्यांनी वर्गणीची थकबाकी पाहताना चिटणीसांच्या लक्षात आले की त्यांची सही बऱ्याच दिवसांत झालेली नाही. येथे केंद्राच्या रचनेतील पहिला दोष उघड झाला. हजेरीच्या वहीत आलेल्या माणसाची सही होते. न आलेल्या माणसाची नोंद कोठेच होत नाही. तीच वही मागे चाळल्यावर असे दिसले की केंद्र वर गेल्यापासून आणखीही काही नावे हळूहळू गळली होती, आणि त्यांत गुडघेदुखी असलेल्यांची व स्त्रियांची नावे अधिक होती. त्यांपैकी एकाही माणसाने तक्रार केली नव्हती. ज्येष्ठ माणसे जिना चढवत नाही म्हणून भांडत नाहीत, ती येणे बंद करतात.

चिटणीस आणि केंद्राच्या एक सभासद, ज्या निवृत्त परिचारिका असल्याने सर्वजण त्यांना सिस्टर म्हणतात, अशा दोघांनी आबांच्या घरी जाऊन चौकशी केली. आबा खाटेवर बसून होते. पत्नी चहा, पाणी, जेवण सगळे हातात आणून देत होत्या आणि मुलाने त्यांना एकट्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नये अशी ताकीद दिली होती. दोघांच्याही वागण्यात काळजी होती, आणि त्याच काळजीने दोन महिन्यांत आबांच्या पायांतील ताकद कमी झाली होती. पडण्याच्या भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू आणि तोल कमजोर होतात, आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. आबा एवढेच म्हणाले, "जिना चढवत न्हाई आता. परत पडलो तर पोराला सुट्टी काढाय लागंल."

सिस्टरांनी तेथे एक साधी गोष्ट केली जी केंद्रातील तपासणीत कधी केली जात नव्हती. केंद्रात रक्तदाब नेहमी खुर्चीवर बसवून मोजला जाई. त्यांनी आबांना पाच मिनिटे आडवे राहू देऊन दाब मोजला, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर तो दखल घेण्यासारखा उतार मानतात. आबांचा वरचा आकडा त्याहून जास्त उतरला. ते रक्तदाबाची, प्रोस्टेटची आणि झोपेची अशा गोळ्या घेत होते. या तिन्ही प्रकारांतील काही औषधांमुळे उठताना भोवळ येऊ शकते किंवा तोल जाऊ शकतो, आणि रात्री अर्धवट झोपेत उठणाऱ्याला हा धोका अधिक असतो.

विचारात घेतलेले पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय आला तेव्हा बहुसंख्य सभासदांचा कल आरोग्य शिबिराकडे होता. एका देणगीदाराने खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. शिबिरात शंभरेक लोकांची साखर, रक्तदाब आणि डोळे तपासले जातात, फलक लागतो, फोटो निघतो आणि केंद्राने काहीतरी केल्याचे समाधान मिळते. शिबिरातून मोतीबिंदू किंवा लक्षात न आलेला मधुमेह सापडतो, हेही खरे. परंतु सिस्टरांनी विचारलेल्या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. शिबिर वरच्या मजल्यावर होणार असेल तर आबा तेथे येणार कसे, आणि जो येऊ शकतो त्याच्यासाठीच शिबिर असेल तर जो येऊ शकत नाही त्याचे काय?

दुसरा पर्याय दुसरी जागा भाड्याने घेण्याचा होता. वर्गणीत ते बसत नव्हते आणि तालमीशी असलेले नाते तोडण्यास कोणी तयार नव्हते, त्यामुळे तो लवकरच मागे पडला.

तिसरा पर्याय तळमजल्यावर परतण्याचा. त्याला पुराचा आक्षेप होता आणि तो आक्षेप पोकळ नव्हता. दोन महापुरांत पुस्तके आणि फर्निचर गमावलेल्या माणसांना पुन्हा तेथे सामान ठेवा असे सांगणे सोपे नसते. एका सभासदाने मात्र मुद्दा नेमका मांडला. पुराची भीती वर्षातील काही दिवसांची आहे आणि जिन्याचा त्रास रोजचा. काही दिवसांच्या धोक्यासाठी वर्षभराची अडचण पत्करायची का? राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे पेठेतील लहान मुलालाही माहीत असते. पाणी ३९ फुटांवर जाताच सामान वर हलवायचे असे आधीच ठरवले आणि ते काम तालमीतील मुलांनी अंगावर घेतले, तर तळमजला वापरता येईल.

चौथा पर्याय घरी जाऊन चौकशी करण्याची कायमची पद्धत बसवण्याचा होता आणि त्यावर सर्वांत जास्त वाद झाला. "आपण घरी गेलो तर सुनेला वाटेल, म्हाताऱ्याने आपल्या तक्रारी बाहेर सांगितल्या," असे एका ज्येष्ठ सभासदांनी म्हटले, आणि बैठकीतील अनेकांनी मान डोलावली. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. संयुक्त कुटुंबात राहणाऱ्या वृद्धाची चौकशी बाहेरच्यांनी केली की घरच्यांना तो आरोप वाटू शकतो, आणि त्याचा त्रास शेवटी त्या वृद्धालाच होतो. यावर निघालेला मार्ग असा की चौकशी आजाराची करायची नाही. केंद्राचे निमंत्रण, वाढदिवस किंवा एखादे काम घेऊन जायचे, आणि जाताना घरच्यांनाही भेटायचे.

या चर्चेत मी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अहवालातील व्याख्या मांडली, कारण निर्णयाला कसोटी हवी होती. त्या अहवालानुसार निरोगी वार्धक्य म्हणजे आजार नसणे नव्हे. माणसाला जे करणे मोलाचे वाटते ते करण्याची क्षमता घडवणे आणि टिकवणे ही ती प्रक्रिया आहे. मधुमेह आणि रक्तदाब असूनही आबा जोपर्यंत दूध कट्ट्यावर चालत जात होते तोपर्यंत या अर्थाने त्यांचे वार्धक्य निरोगी होते. ते खाटेवर बसले तेव्हा रक्तातील साखर पूर्वीइतकीच होती, गेले होते ते चालणे. केंद्राने नेमके काय जपायचे, हे या उदाहरणामुळे बैठकीत स्पष्ट झाले आणि शिबिराचा प्रस्ताव पुढे ढकलण्यात आला. देणगीदार थोडे नाराज झाले, पण नंतर त्यांनी खुर्च्यांसाठी रक्कम दिली.

केलेली कृती

पहिले पाऊल औषधांबाबत होते आणि तेथे सिस्टरांनी आखलेली मर्यादा मला अनुकरणीय वाटते. कोणती गोळी बंद करा असे त्यांनी सांगितले नाही. आडवे असताना आणि उभे असताना घेतलेले आकडे, वेळा आणि चालू गोळ्यांची यादी त्यांनी एका कागदावर लिहून दिली आणि तो कागद घेऊन मुलाने आबांना कुटुंबाच्या डॉक्टरांकडे न्यावे असे सुचवले. डॉक्टरांनी झोपेची गोळी हळूहळू बंद केली आणि दुसऱ्या एका गोळीची मात्रा व वेळ बदलली. घरात न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला, उंबऱ्याशेजारी भिंतीला धरण्यासाठी दांडा बसवला, आणि उठताना आधी काठावर बसून पाय हलवायचे व मगच उभे राहायचे ही सवय पत्नीने त्यांना लावून घेतली.

मुलाला समजावणे अधिक अवघड गेले. तो उलट विचारत होता की बाहेर गेले आणि पडले तर जबाबदार कोण. सिस्टर त्याला म्हणाल्या, "दादा, खाटेवर बसवून ठेवलं तर ते आज पडणार नाहीत, पण सहा महिन्यांनी स्वतःहून उठूही शकणार नाहीत." त्याने एकदम होकार दिला नाही. पहिले दोन आठवडे तो स्वतः वडिलांना केंद्रात आणून सोडत असे आणि दाराशी उभा राहून पाहत असे.

दरम्यान केंद्र तळमजल्यावर परतले. कपाटे आणि पुस्तके वरच ठेवली. खाली फक्त खुर्च्या, दोन टेबले आणि कॅरम आले, म्हणजे पाणी चढू लागले तर उचलायला थोडेच सामान. तालमीच्या वस्तादांनी आणखी एक कल्पना दिली, जी या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते. व्यायामाचा वर्ग म्हटले की अनेक पुरुष सभासद ते रुग्णांचे काम समजून मागे सरत होते. वस्तादांनी त्याला खुर्चीवरच्या बैठका म्हटले. ज्यांनी तरुणपणी याच लाल मातीत शेकड्यांनी बैठका मारल्या होत्या त्यांना त्या शब्दात आजारपण दिसले नाही, ओळख दिसली, आणि ते आले.

वर्ग सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असा ठेवला. पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, आणि आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. एका फिजिओथेरपिस्टने सुरुवातीला प्रत्येकाची पाहणी करून क्रम ठरवून दिला : खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, भिंतीजवळ एका पायावर उभे राहणे, एका पायाच्या बोटांपुढे दुसऱ्या पायाची टाच टेकवत रेषेवर चालणे. ज्याला छातीत दुखते, धाप लागते किंवा भोवळ येते त्याने लगेच थांबायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला.

प्रगती मोजायला ३० सेकंदांची उठ-बस चाचणी घेतली. हात छातीवर घेऊन ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठता येते ते त्यात मोजतात. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमले तर ते सरासरीहून कमी समजतात, आणि हाताचा आधार घ्यावा लागला तर गुण शून्य धरतात. आबांचा पहिला गुण शून्य होता.

आहाराचा प्रश्न मध्येच पुढे आला. बाहेर जाणे थांबल्यापासून आबांची भूक मंदावली होती आणि रात्री ते चहा-चपातीवर भागवत होते. स्नायू टिकवायचे तर उतारवयात वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकीच. दूध बंद झाल्याने तो स्रोतही गेला होता. आहारतज्ज्ञाचा तक्ता देण्यापेक्षा पत्नीशी बोलून दुपारी घट्ट वरण किंवा उसळ आणि रात्री अंडे किंवा दही असा बदल केला, जो त्या घरात सहज बसला.

हजेरीच्या वहीशेजारी दुसरी वही आली. सलग सात दिवस न आलेल्या सभासदाचे नाव त्यात लिहायचे आणि त्याच गल्लीतील सभासदाने त्याच्याकडे जायचे, अशी पद्धत ठरली. एकट्या राहणाऱ्यांची नावे वेगळ्या पानावर घेतली. पूर आला तर आधी कोणाच्या दारात जायचे हे तालमीतील मुलांना त्यातून कळू लागले, हा न ठरवता झालेला लाभ.

परिणाम

सुमारे चार महिन्यांनी आबांना ३० सेकंदांत नऊ वेळा उठता येऊ लागले. सरासरीपेक्षा हे कमीच आहे. पण काठी घेऊन, वाटेत एकदा थांबून, ते गंगावेशीपर्यंत जाऊ लागले, आणि हेच त्यांनी स्वतः ठरवलेले ध्येय होते. त्या काळात ते पुन्हा पडले नाहीत. वर्तमानपत्रे लावण्याचे काम त्यांना परत दिले गेले. ते दुसऱ्याकडे गेले होते याचा त्यांना मनातून राग होता, हे नंतर समजले.

सर्व गोष्टी जुळल्या नाहीत. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षे पूर्ण केलेल्या, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये मिळतात, परंतु मुलाच्या पगारामुळे आबा त्यात बसत नव्हते. मुलाने स्वखर्चाने श्रवणयंत्र आणले आणि ते टेबलाच्या खणात पडून राहिले. शांत घरात ते उपयोगी पडते, कॅरमच्या गोंगाटात मात्र सोंगटीचा प्रत्येक टोला कानात आदळतो. यंत्राची सवय व्हायला काही आठवडे लागतात, आणि आवाजाची पातळी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावी लागते, याची तयारी कोणी करून दिली नव्हती. परिणामी गप्पांमध्ये आबा अजूनही कडेला बसतात.

पुढच्या पावसाळ्यात नदी इशारा पातळीकडे गेली तेव्हा मुलांनी अर्ध्या तासात सामान वर नेले. योजना सफल झाली, पण तळमजला काही दिवस बंद राहिला आणि तेवढ्या खंडाने वर्गातील काही जण पुन्हा आलेच नाहीत. दुसरी वही सुरुवातीला नेटाने भरली गेली. नंतर घरोघर जाण्याचा सगळा भार दोघांवरच आला आणि नोंदी विरळ झाल्या.

वेगळे काय करता आले असते

पडल्यापासून घरी जाईपर्यंतचे दोन महिने हा या प्रकरणातील सर्वांत मोठा तोटा आहे. उतारवयात अंथरुणाला खिळल्यावर ताकद फार वेगाने जाते आणि फार सावकाश परत येते. दुसऱ्या आठवड्यातच कोणी गेले असते तर आबांचा पहिला गुण बहुधा शून्य नसता. घरभेटीची संमती आणि घरच्या एका माणसाचा फोन नंबर सभासदत्वाच्या अर्जावरच घेतला तर सुनेला काय वाटेल हा प्रश्न भेटीच्या वेळी उरत नाही, आणि नवीन अर्जात आता तशी ओळ आहे.

उभे राहून रक्तदाब मोजण्याची पद्धत केंद्रात आधीपासून असती तर कदाचित पडणेच टळले असते. त्याला वेगळे यंत्र लागत नाही. एक बाकडे आणि पाच-सात मिनिटे जास्त लागतात. माझ्या मते रक्तदाब मोजणाऱ्या प्रत्येक केंद्राने, निदान एकापेक्षा अधिक गोळ्या घेणाऱ्या सभासदांसाठी, हे ताबडतोब सुरू करावे.

पुराच्या खंडासाठी घरी करायच्या चार व्यायामांचा कागद आधीच वाटायला हवा होता. श्रवणयंत्रासाठी केंद्रातच आठवड्यातून एक तास शांत बैठक ठेवणे शक्य होते, जेथे यंत्र लावून दोन-तीन माणसांशी बोलण्याचा सराव होईल. दुसऱ्या वहीचे काम गल्लीनिहाय फिरते ठेवले असते, दर महिन्याला माणसे बदलली असती, तर ते दोघांच्या खांद्यावर साचले नसते.

स्त्रियांचा प्रश्न मात्र अर्ध्यावर आहे. आबांच्या पत्नी त्यांना सोडायला येत, बाहेरच्या कट्ट्यावर थांबत आणि वर्ग संपला की घेऊन जात. त्याही सत्तरीच्या घरात आहेत, त्यांचेही गुडघे दुखतात, आणि नवऱ्याला उठवण्या-बसवण्याचे श्रम त्यांनीच केले होते. तरी त्यांना आत बोलावण्याचे कोणाला सुचले नाही. सिस्टरांच्या आग्रहाने आता मंगळवारी आणि शनिवारी दुपारी स्त्रियांसाठी वेगळा वर्ग आहे, म्हणजे तोल आणि ताकदीसाठी लागणारा तिसरा दिवस अजून मिळालेला नाही. तालमीची ती वेळ मुलांच्या मेहनतीची असल्याने वस्तादांशी बोलणे चालू आहे. तळमजल्यावरचे शौचालय खाली बसण्याचे आणि दाराची कडी सैल असलेले आहे, त्यामुळे बऱ्याच जणी वर्ग संपताच घरी जातात आणि गप्पांसाठी थांबत नाहीत. तेथे कमोड आणि दांडा बसवण्याचे अंदाजपत्रक तयार झाले आहे आणि पुढच्या वार्षिक सभेत वर्गणीच्या ठरावाआधी तो विषय घ्यावा अशी मागणी सिस्टरांनी लेखी दिली आहे.